फलत्याग आणि अनुबंधविचार

ज्या ओढ्याचे पाणी आपल्या घागरीत कधी येणार नाही, ज्याच्या काठी आपले शेत नाही आणि ज्या खोऱ्यात आपले कोणी राहत नाही, त्या ओढ्याच्या पात्रात दोन दिवस दगड वाहून रचणारा मनुष्य निष्काम कर्म करतो, असे म्हणता येईल काय? प्रश्न वरवर सोपा दिसतो. मजुरी नाही, मानपत्र नाही, पाण्यावर हक्क नाही. तेव्हा फलाची इच्छा नाही हे उघडच आहे, आणि जेथे फलेच्छा नाही तेथे कर्मयोग आहे, असे उत्तर कोणीही चटकन देईल. परंतु गीतेचा अठरावा अध्याय लक्षपूर्वक वाचणाऱ्यास हे उत्तर अपुरे वाटल्यावाचून राहणार नाही. त्या अध्यायात कर्माची जी परीक्षा सांगितली आहे, ती फलेच्छेच्या अभावापाशी थांबत नाही. ती पुढे जाते. ती कोठवर जाते हे पाहण्यास ओढ्यातील हे कर्म फार उपयोगी आहे. कारण एरवी कर्माचे पुष्कळ दोष स्वार्थाच्या आड लपून राहतात, आणि येथे ते आड लपण्याचे ठिकाणच फार लहान आहे.

अशी कामे आज अनेक देशांत चालतात. त्यांपैकी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याचे उदाहरण विचारास विशेष सोयीचे आहे. त्या राज्याच्या उत्तरेस सांग्रे दे क्रिस्तो पर्वताच्या कुशीत व्हाये व्हिदाल नावाचे सुमारे १,००,००० एकरांचे खोरे आहे. पेन्झॉइल ह्या तेलकंपनीने १९८२ मध्ये ते राष्ट्रास दान केले आणि ते कार्सन राष्ट्रीय वनात सामील झाले. पुढे २००६ मध्ये खास कायदा होऊन तेथील भूमीतून तेल, वायू वा खनिज काढण्यास मनाई झाली. ह्या खोऱ्यातून कोमांची नावाचा ओढा वाहतो व कोस्तिया नदीस मिळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९,००० फूट उंचीवरचा हा प्रदेश. हिवाळाभर बर्फ, उन्हाळ्यात गवत, आणि मनुष्यवस्ती दूर. ओढ्यात रिओ ग्रांदे कटथ्रोट जातीचा ट्राउट मासा राहतो. जबड्याखाली तांबडी रेघ मिरवणारा हा मासा त्या राज्याचा राज्यमत्स्य असून त्याचे मूळचे क्षेत्र आता फारच आक्रसले आहे. त्याला थंड आणि निर्मळ पाणी लागते. ओढा उघडा पडून तापला की तो तेथे टिकत नाही.

ओढा बिघडतो म्हणजे नेमके काय होते, हे समजल्यावाचून तो सुधारणाऱ्याच्या कर्माचे मोल कळणार नाही. निरोगी स्थितीत असा पर्वतीय ओढा नागमोडी वाहतो. त्याचे काठ बुटके असतात, आणि बर्फ वितळून पाणी वाढले की ते काठांवरून पसरते व दोन्ही अंगांच्या कुरणात मुरते. कुरण स्पंजाप्रमाणे ते धरून ठेवते आणि कोरड्या महिन्यांत थोडेथोडे परत सोडते. पूर्वी ह्या व्यवस्थेस बीव्हर नावाच्या प्राण्याचे मोठे साहाय्य होते. कुत्र्याएवढा हा प्राणी दातांनी झाडे पाडून ओढ्यावर काटक्या व चिखल ह्यांचे बांध घालतो, आणि त्या बांधांमागे पाणथळी तयार होतात. एकोणिसाव्या शतकात टोप्यांसाठी त्याच्या लवेला भाव आला आणि खोरीच्या खोरी बीव्हरांवाचून रिकामी झाली. त्यामागून बेसुमार चराई आली, वृक्षतोड आली, गाड्यांच्या चाकोऱ्या आणि रस्ते आले. चाकोरीत पाणी एकवटते. एकवटलेले पाणी जमीन खणते. खणलेल्या घळीच्या तोंडाशी लहानसा धबधबा पडू लागतो, आणि त्या धबधब्याच्या पायथ्याची माती सुटत गेल्याने घळीचे तोंड वर्षानुवर्षे उगमाच्या दिशेने सरकत जाते. ओढा खोल गेला की त्याच्याबरोबर भूजलाची पातळीही उतरते. लव्हाळी वाळतात, वाळुंजाच्या जातीची झुडपे मरतात, त्यांच्या मुळ्यांनी बांधून ठेवलेले काठ ढासळतात, आणि कुरणाच्या जागी कोरडवाहू झुडपे उगवतात. मग मोठा पूर आला तरी तो काठाबाहेर पसरू शकत नाही. त्याचा सगळा जोर तळावर पडून घळ आणखी खोल होते. दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंत जी उतरंड सांगितली आहे, तिच्याशी ह्या घसरणीचे साम्य कोणाही अभ्यासकाच्या ध्यानात येईल. दोन्हीकडे पहिली पायरी क्षुल्लक असते, आणि प्रत्येक पायरी पुढचीला बळ देते.

ह्या रोगावर जी चिकित्सा तेथे रूढ झाली, तिचे बरेच श्रेय बिल झीडिक ह्यांस दिले जाते. ते अमेरिकेच्या वनखात्यात वन्यजीवतज्ज्ञ होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी ओढ्यांचे काम हाती घेतले. व्हॅन क्लोदियर ह्यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘पाण्यालाच काम करू द्या’ असा आहे. नावातच पद्धतीचे मर्म आले आहे. मोठा सिमेंटचा बांध घालून पाण्याला अडवावयाचे नाही. पात्राच्या तळाशी दगडांच्या काही ओळी एकमेकींस चिकटून बसवावयाच्या, पण उंची केवळ एका दगडाची ठेवावयाची. दगडावर दगड चढवावयाचा नाही. मराठीत ह्याला एकथरी बांध म्हणता येईल. पाणी त्यावरून सहज जाते, पण जाता जाता मंदावते. मंदावल्यामुळे गाळ टाकते. गाळात गवत रुजते. गवत पुढच्या पुरात आणखी गाळ धरते. पुढे तळ तेवढा वर आला म्हणजे त्यावर दुसरा थर बसवावयाचा. घळीच्या तोंडाशी जेथे पाणी कोसळते, तेथे दगडांचे वाडग्यासारखे कुंड करतात. झूनी ह्या मूळनिवासी लोकांच्या नावावरून ते ओळखले जाते. कुंडात पडणाऱ्या पाण्याचा वेग जिरतो आणि घळीची आगेकूच थांबते. जेथे पाणी एका धारेत एकवटले आहे, तेथे अर्धचंद्राकार दगडी पट्टा घालून ते पुन्हा पसरवितात. सर्वांत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, एकथरी बांध यशस्वी झाला म्हणजे तो दिसेनासा होतो. गाळ व गवत ह्यांखाली तो गडप होतो, आणि पाच-दहा वर्षांनी तेथून जाणाऱ्यास येथे मनुष्याचा हात लागला होता अशी शंकाही येऊ नये, हीच त्याची परिपूर्णता होय.

ही कामे पुष्कळशी स्वयंसेवकांच्या हातांनी होतात. अल्बुकर्की वाइल्डलाइफ फेडरेशन, किविरा कोअलिशन इत्यादी संस्था उन्हाळ्यात शनिवार-रविवारची शिबिरे भरवितात. शहरातील शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी, निवृत्त अधिकारी असे लोक शुक्रवारी सायंकाळी तंबू घेऊन येतात, शनिवारी दिवसभर दगड वाहतात, झुडपांच्या फांद्या लावतात, एल्क नावाच्या मोठ्या हरिणांपासून व गुरांपासून कोवळी रोपे वाचावीत म्हणून कुंपणे घालतात, आणि रविवारी परततात. १९६४ च्या कायद्यानुसार अमेरिकेत जे प्रदेश निबिड वन म्हणून राखलेले आहेत, तेथे तर मोटारीवर चालणारी साधने नेण्यास सामान्यतः मनाईच असते; तेथील ओंडके हाताच्या करवतीने कापावे लागतात आणि साहित्य पाठीवर किंवा खेचरावर न्यावे लागते. शरीरकष्टाविषयी ह्या लोकांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

‘पाण्यालाच काम करू द्या’ हे सूत्र गीतेच्या वाचकास परके वाटू नये. अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि दैव. कोमांची ओढ्यावर ही पाचही बोटाने दाखविता येतात. खोरे व तेथील जमिनीचा उतार हे अधिष्ठान. दगड रचणारा हा कर्ता. पहार, हातगाडी आणि दगड ही करणे. वाहणे, मुरणे, गाळ टाकणे, रुजणे ह्या चेष्टा. आणि पुढच्या वर्षी बर्फ किती पडेल, पूर केव्हा येईल, हे दैव. पाचांतील एकावरच स्वयंसेवकाचे नाव लिहिता येते. ऑरेगन राज्यातील ब्रिज ओढ्यावर पात्रात खांब रोवून व त्यांत फांद्या विणून बीव्हरांच्या बांधांची नक्कल केली, तेव्हा पुढे बीव्हरच तेथे आले आणि त्यांनी ती कामे आपलीशी करून वाढविली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे स्टीलहेड ट्राउटच्या पिलांची संख्या व जगण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. हे यश कोणाचे म्हणावयाचे? खांब रोवणाऱ्याचे, पाण्याचे, की बीव्हराचे? ‘मी ओढा जिवंत केला’ असे म्हणणारा ह्या पाचांपैकी चौघांस विसरलेला असतो. अहंकार सोडण्याचा उपदेश ऐकून तो सुटत नाही, परंतु असे काम डोळे उघडे ठेवून केले तर तो सैल होण्यास जागा मिळते, एवढे खरे.

येथवर सर्व ठीक आहे. आता आक्षेप.

पहिला आक्षेप नेहमीचाच आहे व त्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. स्वयंसेवकास पैसा मिळत नसला तरी डोंगरातील हवा मिळते, संगत मिळते, ‘आपण काही चांगले केले’ हे समाधान मिळते. मग तो निष्काम कसा? ह्यास उत्तर असे की, आनंद होणे आणि आनंदासाठी करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत उत्साह हा गुण गीतेने मोजलेला आहे. खिन्न मुद्रेने केलेले कर्मच तेवढे निष्काम, असे तिचे म्हणणे नाही. ज्या दिवशी हवा वाईट असेल, संगत नकोशी असेल आणि समाधानही वाटत नसेल, त्या दिवशी दगड नीट बसतो की नाही, एवढेच पाहावे म्हणजे झाले.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे. फलाची पर्वा न करणारा मनुष्य परिणामाचीही पर्वा न करणारा होतो काय? आपण शुद्ध हेतूने केले, आता पुढे काय होईल ते होवो, असे म्हणून तो घरी जाऊ शकतो काय? ही शंका काल्पनिक नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांत, १९५० ते १९७० च्या दशकांत मत्स्यखात्यांनी ओढ्यांची ‘सफाई’ मोठ्या प्रमाणावर केली. पात्रात पडलेले ओंडके व त्यांचे ढीग सामन माशांच्या वाटेत अडथळा आणतात, अशी समजूत होती. म्हणून ते ओढून बाहेर काढण्यात आले. हेतू माशांच्या हिताचाच होता. पुढे अभ्यासाने कळून आले की, त्या ओंडक्यांमुळेच पात्रात डोह पडत होते, अंडी घालण्यास लागणारी वाळू-खडी अडून राहत होती आणि पिलांना पुरात आसरा मिळत होता. ओंडके गेले, तसे पात्र सरळ व उघडे झाले. त्यानंतर गेली कित्येक दशके तीच राज्ये तेच ओंडके पुन्हा ओढ्यांत आणून ठेवीत आहेत. ज्यांनी ते काढले त्यांना दुष्ट म्हणता येत नाही, स्वार्थीही म्हणता येत नाही. मग त्यांचे कर्म कोणत्या कोटीतले?

ह्या ठिकाणी अठराव्या अध्यायातील तेविसावा ते पंचविसावा हे तीन श्लोक एकत्र वाचणे अवश्य आहे. पहिल्यात सात्त्विक कर्माचे लक्षण आहे व त्यात फलाची लालसा नसणे हे स्पष्ट सांगितले आहे. पुष्कळ वाचक येथेच थांबतात. दुसऱ्यात राजस कर्म आहे. त्यात कामना, अहंकार आणि अतिआयास आहेत. तिसऱ्यात तामस कर्म येते, आणि तेथे फलेच्छेचा शब्दही नाही. अनुबंध, क्षय, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य ह्या चार गोष्टींचा विचार न करता मोहाने जे आरंभिले जाते, ते तामस, असे तेथील तात्पर्य आहे. अनुबंध म्हणजे मागाहून येणारे, कर्माला बांधलेले असे जे काही, ते. भाष्यकार त्याचा अर्थ असाच लावतात. आता भाषेच्या दृष्टीने हे पाहावे की, येथे ‘फल’ हा शब्द घातला नाही, ‘अनुबंध’ हा निराळा शब्द योजला आहे. मराठी भाषांतरांत दोहोंनाही ‘परिणाम’ म्हणण्याची सवय पडली आहे, आणि त्या एका सवयीने मोठा घोटाळा माजला आहे. फल म्हणजे कर्मापासून कर्त्याकडे परत येणारे. त्याची भूक सोडावयाची. अनुबंध म्हणजे कर्मापासून जगाकडे जाणारे. त्याचा विचार सोडावयाचा नाही. पहिले सोडले नाही तर कर्म राजस होते. दुसरे सोडले तर तामस होते. म्हणजे, एका बाजूने अगदी निःस्वार्थ असलेले कर्म दुसऱ्या बाजूने तामस असू शकते. आणि तामसाची कोटी तर राजसाहूनही खालची! स्वार्थी मनुष्य निदान आपला लाभ होतो की नाही हे पाहण्यास तरी परत येतो, आणि परत आल्यामुळे त्याला काही कळते. निःस्वार्थ पण बेफिकीर मनुष्य परत येतच नाही.

मात्र ह्यावरून ओंडके काढणाऱ्यांस सरसकट तामस ठरविणे अन्यायाचे होईल. त्या काळच्या ज्ञानाच्या मर्यादेत त्यांनी काही विचार केला होता. ज्ञान कमी असणे हा दोष नव्हे. पाहण्यास नकार देणे हा दोष आहे. आणि ज्या शास्त्रज्ञांनी पुन्हा ओढ्यात उतरून मोजमाप केले व आपल्याच खात्यांची चूक दाखवून दिली, त्यांनी त्या कर्माची उरलेली बाजू पूर्ण केली, असेच म्हटले पाहिजे.

चार गोष्टींपैकी हिंसा व सामर्थ्य ह्यांचीही उदाहरणे ह्याच कामात मिळतात. न्यूझीलंडमधील एक अगदी बारीक गोगलगाय, काही मिलिमीटरांची, १९८७ मध्ये अमेरिकेत स्नेक नदीत आढळली. नरावाचून एकटी मादी प्रजा वाढवू शकते, आणि ओलसर बुटांच्या शिवणीत ती कित्येक दिवस जिवंत राहते. त्यामुळे एका ओढ्यात काम करून दुसऱ्या ओढ्यात उतरणारा सेवकच तिचा वाहक ठरू शकतो. म्हणून जाणत्या शिबिरांत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्याआधी बूट घासून, वाळवून किंवा गोठवून घेण्याचा नियम असतो. पूजेपूर्वी पाय धुण्याइतकाच हा नियम गंभीरपणे पाळला पाहिजे. सामर्थ्याचे म्हणाल तर, एकथरी बांधाची उंची एकाच दगडाची ठेवण्यात तोच विवेक आहे. आपल्याला पाण्याविषयी थोडे कळते. म्हणून हस्तक्षेपही थोडा. चुकला तर एक दगड वाहून जाईल. खोरे वाहून जाणार नाही.

परंतु इतका विचार करू लागल्यावर मनुष्य काही न करण्याकडे झुकेल, ही तिसरी अडचण आहे. त्याच सांग्रे दे क्रिस्तो पर्वतात ६ एप्रिल २०२२ रोजी हर्मिट्स पीक येथे वनखात्याने वणव्याचा धोका कमी व्हावा म्हणून मुद्दाम एक आग लावली. ती वाऱ्याने हाताबाहेर गेली, पुढे काफ कॅनियन येथील दुसऱ्या आगीस मिळाली, आणि ३,४१,००० एकरांहून अधिक प्रदेश जळाला. तीही दुसरी आग खात्यानेच हिवाळ्यात जाळलेल्या लाकडांच्या ढिगांतून उद्भवली होती. न्यू मेक्सिकोच्या नोंदलेल्या इतिहासात एवढा मोठा वणवा झालेला नव्हता. शेकडो घरे गेली. पुढच्या पावसात राखेने व चिखलाने ओढे भरले. वणवा टाळण्याच्या कर्मातून वणवाच निघाला. जे ह्यात बेघर झाले, त्यांच्यापुढे उभे राहून ‘हेतू शुद्ध होता’ असे म्हणण्याचे धैर्य कोणास होईल? तथापि अशी आग लावणेच कायमचे बंद करावे, हेही उत्तर नव्हते. कारण न जाळता साठू दिलेला पाचोळा व काटक्या पुढे ह्याहून मोठी आग लावतात. वनखात्याने देशभर ९० दिवस असे जाळणे थांबविले, चौकशी केली, नियम बदलले व काम पुन्हा हाती घेतले. अठराव्या अध्यायात पुढे सर्व कर्मारंभांस दोष चिकटलेलाच असतो असे सांगताना अग्नी व धूर ह्यांचाच दृष्टान्त आला आहे, आणि तो दोष पाहून स्वकर्म टाकू नये असा त्याचा निष्कर्ष आहे. ह्या वचनाचा आधार घेऊन बेफिकीरीचे समर्थन करणारे लोक असतात. परंतु पंचविसाव्या श्लोकानंतर जो अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत येईल, त्याने अनुबंधाचा विचार केलेलाच आहे, असे गृहीत धरले पाहिजे. धूर असतो हे मान्य. म्हणून वाऱ्याची दिशा पाहू नये, असे होत नाही.

आपल्या धर्मशास्त्रात विहिरी, तळी, बागा इत्यादी लोकोपयोगी कामांस पूर्तकर्म म्हटले आहे. तळे खणून झाल्यावर दात्याने त्याचा विधिपूर्वक उत्सर्ग करावयाचा असतो. म्हणजे त्या पाण्यावरील आपले स्वामित्व सोडून ते सर्व प्राण्यांसाठी मोकळे करावयाचे. फलत्यागाचा इतका मूर्त विधी दुसरा क्वचितच सापडेल. परंतु त्याच परंपरेने जीर्णोद्धारालाही पुण्यकर्म मानले आहे, हे विसरू नये. स्वामित्वाचे उदक सोडले तरी गाळ काढण्याचे कर्तव्य त्या उदकाबरोबर वाहून जात नाही. अलीकडे ह्यातील पहिला भाग सर्वांस आवडतो. उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या भागाच्या वेळी कोणी फिरकत नाही, आणि बांधाच्या सांडव्यातून पहिल्या पावसातच भगदाड पडलेले असते.

येथे एक प्रश्न उरतो व तोच बहुधा सर्वांत कठीण आहे. ज्याला त्या पाण्याची गरजच आहे, त्याच्या कर्माचे काय? उत्तराखंडात पौडी गढवालमधील उफरैंखाल ह्या गावी सच्चिदानंद भारती ह्या शिक्षकाने १९८२ मध्ये दूधातोली लोकविकास संस्थान सुरू केले. डोंगरउतारावर झाडांबरोबर लहान लहान खड्डे खणावयाचे, त्यांत पावसाचे पाणी थांबवावयाचे, हा त्यांचा क्रम. अशी हजारो तळकी झाली, आणि पूर्वी पावसाळा संपताच कोरडा पडणारा एक ओढा बारमाही वाहू लागला; लोक त्याला आता गाडगंगा म्हणतात. ह्या कामाचा भार मुख्यतः गावच्या स्त्रियांनी उचलला. वनाच्या राखणीसाठी त्यांच्यात एक रीत आहे. घुंगरे बांधलेली काठी, जिला ‘खांकर’ म्हणतात, ती घेऊन एकीने दिवसभर राखण करावयाची, आणि सायंकाळी ती काठी शेजारणीच्या दारात ठेवावयाची. सकाळी जिच्या दारात काठी दिसेल, तिची त्या दिवशी पाळी. ह्या स्त्रियांना पाणी हवे आहे, चारा हवा आहे, सरपण हवे आहे. कोमांची ओढ्यावरील पाहुण्याच्या तुलनेत त्या उघडउघड सकाम आहेत. म्हणून त्यांचे कर्म खालच्या पायरीवरचे ठरवावे काय?

शब्दाला शब्द जोडून निर्णय देणारा तसे ठरवील. पण तो निर्णय बरोबर नाही. घोटभर पाणी हवे असणे ही शरीरयात्रेची गरज आहे. तिसऱ्या अध्यायात शरीरयात्रा कर्मावाचून चालणार नाही असे सांगितले आहे, तिला कामना म्हणून हिणविलेले नाही. शिवाय यज्ञचक्र चालवून त्यातून उरलेले ग्रहण करणाऱ्यास तेथे दोषमुक्तच म्हटले आहे. केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्यास तेवढा दोष लावला आहे. ज्या स्त्रीने आज राखण केली, तिने राखलेल्या पाण्यात साऱ्या गावाचा, गुरांचा आणि खालच्या गावांचाही वाटा आहे. आणि अनुबंधाच्या बाबतीत तर तिची बाजू पाहुण्याहून पुष्कळ वरचढ आहे. तळके फुटले तर दुसऱ्या दिवशी तिला दिसते. तिला परत येण्याचा संकल्प करावा लागत नाही. ती तेथेच आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धांच्या निमित्ताने गावोगाव श्रमदान झाले, आणि २०१८ च्या महाराष्ट्रदिनी शहरांतील सहस्रावधी लोक जलमित्र म्हणून गावांत जाऊन एक दिवस कुदळ-फावडे चालवून आले. त्या दिवसाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत समतल चराच्या कडा कोठे ढासळल्या, हे जलमित्राला कळले नाही. ते तेथील शेतकऱ्याला कळले.

तेव्हा निःस्वार्थतेचा मान पाहुण्याकडे आणि अनुबंधाची दृष्टी रहिवाशाकडे, अशी वाटणी स्वभावतःच होते. आणि पाहुण्याने ती मुकाट्याने पतकरता कामा नये. त्याला काठी शेजारणीच्या दारात ठेवून जाता येत नाही, कारण त्या निर्जन खोऱ्यात शेजारीण नाही. म्हणून त्याला दुसरी काही योजना करावी लागते. जाणत्या संस्थांनी ती केलीही आहे. कामाच्या आधी एका ठरावीक जागी खुंटी रोवून तेथून छायाचित्र घेतात. पुढे दर वर्षी त्याच खुंटीपाशी उभे राहून त्याच दिशेचे छायाचित्र घेतात. घळीच्या तोंडाचे खुंटीपासूनचे अंतर फितीने मोजतात. ते कमी झाले नसेल तर कुंड टिकले. प्रत्येक बांधाची नोंद ठेवतात, आणि दुसऱ्या वर्षीच्या शिबिराचा पहिला दिवस नव्या बांधांस न देता जुन्यांच्या पाहणीस व दुरुस्तीस देतात. नव्याने आलेल्या उत्साही तरुणांना हा दिवस कंटाळवाणा वाटतो. त्यांना नवे काही उभारावयाचे असते, आणि त्यांच्या हाती येते ती मागच्या वर्षी दुसऱ्याच कोणी वाकडे बसविलेल्या दगडांची ओळ; ती उचलून पुन्हा बसवावयाची. कोणाचे नाव त्या दगडावर नाही, तेव्हा दोषही कोणाला देता येत नाही.

कोमांची ओढ्याच्या काठी ह्या रीतीने वीसहून अधिक वर्षे लोक येत आहेत. काही ठिकाणी लव्हाळी परत आली, काही ठिकाणी घळीने कुंडाला वळसा घालून नवी वाट काढली व तेथे पुन्हा आरंभ करावा लागला. हवामान तापत चालले असताना त्या तांबड्या रेघेच्या माशाला हे पाणी किती काळ पुरेसे थंड राहील, हे पाच कारणांपैकी पाचव्याच्या हाती आहे. पाहणीच्या दिवशी स्वयंसेवक काठीने गवत बाजूला सारून मागचे दगड शोधतात. जेथे ते सापडत नाहीत, तेथे नोंदवहीत ‘भरला’ असे लिहून वर दुसरा थर लागेल काय, हे पाहतात. जेथे सापडतात, तेथे गुडघे टेकून ते सैल झाले आहेत काय, हे हाताने हलवून पाहतात.